खिडकीखालचा पंप

१

घर घेताना ठमीने सगळं ठोकून-वाजवून पाहिलं होतं. छत गळतं का, नळाला पाणी जोरात येतं का, दारं-खिडक्या नीट लागतात का. परसात पोहण्याचा तलाव होता, तोही पाहिला; खरं तर त्या तलावासाठीच तिने हे घर घेतलं. पण तलावातलं पाणी फिरवणारा पंप, ते गाळणारा फिल्टर आणि गरम करणारा हीटर, यांपैकी एकही यंत्र जागेवर नाही, हे तिच्या लक्षात आलं राहायला आल्यावर. एवढी हुशार बाई, आणि पाणी बघून भुलली.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पन्नाशीला टेकलेली, कॉलेजात गणित शिकवणारी, एकटी राहणारी बाई ती. तिच्या वर्गात मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चुळबूळ करत नसत. पण ती रांगत होती तेव्हा अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला ठमी म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलं. अप्पा नुकतेच तिच्याकडे राहायला आले होते. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं, आणि रोज कोमट पाण्यात चाललात तर काठी सुटेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

हे झालं पायांचं. डोक्याची गोष्ट वेगळी होती. अलीकडे अप्पा विसरत. गॅस चालू ठेवून बाहेर जात, जेवताना सांगितलेली गोष्ट पानावरून उठता उठता पुन्हा सांगत. ठमीच्या मोठ्या भावाचं, दादाचं, मत पडलं की त्यांना आता त्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं. तिथे नर्स असतात, दाराला कडी असते. ठमीने त्याला फोनवर ठणकावलं होतं, "अप्पांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. ते माझ्याकडे राहतील." दादा म्हणाला होता, "बघूया. ज्या दिवशी तुझी खात्री डळमळेल, त्या दिवशी गाडी घेऊन येतो."

पंपवाला आला तो हातगाडीवर पंप लादूनच. बोलका माणूस. परसाला एक फेरी मारून तो पार टोकाला, कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिथे सिमेंटचा जुना चौथरा होता. आधीच्या मालकांची यंत्रं तिथे असायची.

"कुठल्या शहाण्याने इथे बसवली होती हो?" तो म्हणाला. "तलाव तिकडे, यंत्रं इकडे. पाइप तर बघा, घर टाळून केवढा वळसा घातलाय. पाणी ओढता ओढता पंपाच्या तोंडाला फेस येत असेल."

"मग कुठे बसवायची?"

"तलावाजवळ. पण झोपायच्या खोलीपासून लांब. वारा लागला पाहिजे, फिल्टर धुवायला हात पोचला पाहिजे. आणि आवाज. बाई, लोक मला पाण्यासाठी फोन करत नाहीत, आवाजासाठी करतात."

त्याची स्वतःची एक पद्धत होती. नकाशा नाही, टेप नाही. पंप पाण्याच्या पिंपाला जोडायचा, हातगाडी एकेका जागी नेऊन तो चालू करायचा, आणि घरात ज्याच्या झोपेचं खोबरं होणार असेल त्याला त्याच्या खोलीत बसवून विचारायचं, आवाज येतो का. जिथे "नाही" असं उत्तर येईल, तिथे पंप.

इथे खोली अप्पांची. घराची मागची खोली. तिची खिडकी परसाकडे उघडे, आणि तिला डासांची बारीक जाळी होती. उन्हात बाहेरून पाहिलं तर आतलं काही दिसत नसे, नुसता काळा चौकोन. ठमीने अप्पांना खाटेवर बसवलं आणि विचारल्यावर उत्तर द्यायला सांगितलं.

"तोंडी परीक्षा आहे म्हण की," अप्पा म्हणाले. "मास्तरीणबाई, कॉपी केली तर चालेल का?"

या घराण्यात समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. एकाने स्वयंपाकघरातून हाक मारायची, दुसऱ्याने न्हाणीघरातून ओ द्यायची. आई होती तेव्हा तर सबंध भांडणं भिंतींआडून, एकमेकांचं तोंडही न बघता सुरू होऊन मिटत. त्यामुळे उठून खिडकीशी जावं, आत डोकावून बघावं, हे ठमीच्या मनातही आलं नाही. ती तलावाच्या काठावर उभी राहिली.

आधी कोपऱ्यातल्या जुन्या चौथऱ्यावर. पंपवाल्याने बटण दाबलं, पंप घरघरला.

"अप्पा, आवाज येतो का?"

आतून घसा खाकरल्याचं ऐकू आलं. मग, "येतो! फार येतो!"

"एवढ्या लांबून?" पंपवाला म्हणाला.

मग गॅरेजच्या भिंतीला लागून. पुन्हा खाकरणं. "येतो. इथे पण येतो."

तिसरी जागा पंपवाल्याने आपली घ्यायची म्हणून घेतली, थेट अप्पांच्या खिडकीखालची. तिथून तलाव हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर. पाइप अगदी थोडा लागला असता. पण पंप कोण उशाशी घेऊन झोपेल? त्याने बटण दाबलं. ठमीला पायांच्या तळव्यांत थरथर जाणवली.

"अप्पा?"

खाकरणं. "नाही बुवा."

"नीट ऐका! तुमच्या खिडकीखालीच आहे!"

"नाही बुवा. काही म्हणजे काही नाही. इथेच बसवा."

पंपवाला तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. मग त्याने खांदे उडवले. "आवाजाचं असंच असतं. भिंतीवर आपटतो, पाण्यावर आपटतो, कुठून कुठे जाईल नेम नाही. ज्याच्या कानांचा प्रश्न त्याने उत्तर दिलं. आपण कशाला नाक खुपसायचं?"

ठमीला ते चमत्कारिक वाटलं. पण उत्तर चमत्कारिक आलं म्हणून ते चुकीचं ठरत नाही, असं ती स्वतःच वर्गात सांगत असे. तिने मान हलवली आणि पंपवाल्याने खिडकीखाली फक्की टाकून चौथऱ्याची जागा आखून घेतली.

२

सिमेंट वाळलं, यंत्रं बसली. पंपाला टायमर लावला. तो सकाळी थोडा वेळ चाले, मग दुपारी पुन्हा आपोआप सुरू होई आणि दिवस मावळायला थांबे. तलावाचं पाणी शेवाळी होतं ते निवळायला लागलं. ठमी खुशीत होती. आता हीटरची जोडणी झाली की अप्पांना पाण्यात उतरवायचं.

पंप चालू झाला त्या दुपारी ती कॉलेजातून लवकर आली, तर अप्पा बाहेरच्या खोलीत कोचावर पाय घेऊन पडलेले. उशी, पांघरूण, औषधांच्या बाटल्या, सगळं तिथे आणलेलं.

"हे काय? बिऱ्हाड हलवलंत?"

"ठमे, म्हाताऱ्यावर राग होता तर तोंडाने सांगायचं," अप्पा म्हणाले. "गिरणी का बसवलीस माझ्या उशाशी?"

तिला हसू आलं. "तुम्हीच सांगितलंत. तिथे आवाज येत नाही म्हणालात."

"मी? कधी?"

"पंपवाला आला होता त्या दिवशी. खोलीत बसून."

"मी कुठे खोलीत होतो?" अप्पा उठून बसले. "तू बाहेर गेलीस आणि मीही पुढे जाऊन पायरीवर बसलो. त्या कुत्र्यावाल्या बाई चालल्या होत्या, त्यांच्याशी बोलत होतो. एकटं बसून भिंतीशी काय बोलायचं?"

हे मात्र अगदी अप्पांसारखं होतं. त्यांनी उभा जन्म रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात घालवला होता. माणूस दिसला नाही तर त्यांना श्वास कोंडल्यासारखं होई. पण ठमीने उत्तरं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. ते खाकरणं, ते "नाही बुवा". असं "बुवा" जगात दुसरं कोणी म्हणत नव्हतं.

"अप्पा, तुम्ही ओ दिलीत. आठवून बघा."

"आठवायला ते घडायला नको का?" ते हसायला गेले, पण तिचा चेहरा बघून थांबले. मग हळूच म्हणाले, "तू असं बघू नकोस माझ्याकडे."

ती उठून मागच्या खोलीत गेली. दार उघडल्याबरोबर आवाज अंगावर आला. खाटेचा लोखंडी पाय फरशीवर बारीक टकटकत होता, कपाटाच्या काचा कुरकुरत होत्या, आणि घरघर खिडकीतून नव्हे तर सगळीकडून, गादीमधून, भिंतींमधून येत होती. इथे बसून कुणी "काही म्हणजे काही नाही" म्हणणं शक्यच नव्हतं. बहिरा माणूससुद्धा म्हणाला नसता.

तिने दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघितला. अप्पा खोलीत होते, तर ते असं म्हणाले नसते. ते खोलीत नव्हते, तर कुणीच काही म्हणालं नसतं. आणि म्हणालं तर होतं. ती खाटेच्या काठावर बसून विचार करत राहिली. हात टेकला तिथे चादर ओलसर लागली. खिडकीबाहेर पंपाच्या जोडातून तुषार उडत असतील, असं म्हणून तिने खिडकी लावून घेतली.

३

तिने चौकशी केली, अगदी रीतसर. कुत्र्यावाल्या बाई म्हणाल्या, "हो, बसलेले असतात की पायरीवर. परवा माझ्या कुत्र्याचं नाव बदलायला सांगत होते. पण त्या दिवशी होते का, ते नाही हो सांगता येणार." पंपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "उत्तर खोलीतूनच आलं, बाई. आजोबांचाच आवाज. आता हलवायचा म्हणाल तर हलवू, पण पुढच्या आठवड्यात." म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

आणि मग दुपारचं सुरू झालं. ठमी स्वयंपाकघरात असे, बाहेर पंप चालू असे. ती नेहमीसारखी हाक मारी, "अप्पा, चहा टाकू?" मागच्या खोलीतून खाकरणं येई आणि "टाक." ती कप घेऊन मागे जाई. खोली रिकामी. अप्पा पुढे पायरीवर, नाहीतर कोचावर डोळे मिटून.

"अहो, आत्ता 'टाक' म्हणालात ना?"

"मी झोपलो होतो गं."

एकदा तिने चष्मा कुठे आहे म्हणून हाक मारून विचारलं, तर मागून उत्तर आलं, "फ्रिजवर." चष्मा फ्रिजवरच होता. अप्पा त्या वेळी न्हाणीघरात आंघोळ करत होते. न्हाणीघर मागच्या खोलीला लागूनच आहे, असं तिने स्वतःला समजावलं, आवाज वळतो. समजूत पटली नाही, पण दुसरी हाताशी नव्हती. मनात शंकेचा किडा शिरला की तो समोरच्या माणसालाच पोखरतो. तिचे डोळे आता अप्पांवर असत. त्यांनी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की ती मनात नोंद करी. त्यांच्या ते लक्षात येई आणि ते आणखी गडबडत.

एका संध्याकाळी पंप थांबल्यावर अप्पा काठी टेकत तिच्यापाशी आले. या घरात कधी कोणी असं जवळ येऊन बोलत नसे.

"ठमे, मी विसरतो, हे मला माहीत आहे. मला वेड पांघरून पेडगावला जायचं नाही. पण हे ते नव्हे. मी पुढे बसलेलो असतो आणि तू आत माझ्याशी बोलत असतेस. मला ऐकू येतं. तू विचारतेस आणि तिकडून मी उत्तर देतो." त्यांनी मागच्या खोलीकडे काठी रोखली. "भिंतींना कान असतात, हे आयुष्यभर ऐकलं. तोंड असतं, हे नव्हतं ऐकलं."

"अप्पा, काय बोलताय?"

"मला त्याचा राग येतो. ते चहाला 'टाक' म्हणतं. मी 'टाक' म्हणत नाही, मी 'आण' म्हणतो."

तिला आठवेना. अप्पा "टाक" म्हणत की "आण"? चहा ती जन्मभर विचारत आली होती आणि उत्तर कधी ऐकलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. तिला एकदम भीती वाटली, आणि ती खोलीची होती की अप्पांची, हेही तिला कळेना. त्या रात्री तिने दादाला फोन केला.

४

दादा रविवारी सकाळीच आला. गाडी फाटकाशी लावून तो सरळ परसात गेला, कारण ठमी आणि अप्पा दोघं तलावाच्या काठी खुर्च्या टाकून बसले होते. घरात बसायचं दोघांनाही नको झालं होतं, पण तसं कुणी बोलत नव्हतं. दादाने ऐकून घेतलं. तो कोर्टात वकील. ऐकताना मान हलवायची नाही, ही त्याची सवय. मध्येच त्याने कपाळाला हात लावला.

"या गिरणीत काही ऐकू येत नाही," म्हणाला, आणि उठून त्याने पंपाचं बटण बंद केलं.

परस एकदम मोठं वाटायला लागलं. पानांची सळसळ ऐकू यायला लागली.

"सोपं आहे," दादा म्हणाला. "अप्पा इथे आपल्यात बसलेत. घरात कोणी नाही. ठमे, मार हाक. उत्तर आलं तर मी अप्पांचे पाय धरीन आणि तुमच्या दोघांसाठी आजच दुसरं घर शोधीन. नाही आलं, तर मी म्हणतो ते ऐकायचं. कबूल, अप्पा?"

"कबूल," अप्पा म्हणाले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, शाळेत निकाल ऐकायला आलेल्या पालकासारखं.

ठमी काळ्या चौकोनाकडे तोंड करून उभी राहिली. आपल्याला कुठलं उत्तर हवं आहे, हे तिला सांगता आलं नसतं. आलं तर या घरात तिने झोपायचं कसं? आणि नाही आलं तर अप्पा गेले.

"अप्पा!" ती ओरडली. "ऐकताय ना?"

काही नाही.

"अप्पा, चहा टाकू?"

खिडकीची जाळी स्वस्थ होती. तिने पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. आपण रिकाम्या खोलीला हाका मारतोय आणि आपला बाप बाजूला बसून बघतोय, याची तिला लाज वाटली. तिने वळून पाहिलं. अप्पा खुर्चीत पुढे झुकले होते, कानामागे हात धरून. त्यांना ते उत्तर यायला हवं होतं. जगात इतर कुणाला हवं नसेल इतकं त्यांना ते हवं होतं.

"पंप चालू करून विचार," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पुरे," दादा हलक्या आवाजात म्हणाला.

"पंप चालू असतानाच बोलतं ते. ठमे, तुला माहीत आहे. चालू कर आणि विचार."

बटण तिच्या हातापाशी होतं. हात लांब करायचाच अवकाश. आणि तिला खरोखरच आठवलं, की चहाच्या वेळी, चष्म्याच्या वेळी, प्रत्येक वेळी पंप चालू होता. अप्पा बरोबर बोलत होते. निदान एवढं तरी बरोबर बोलत होते. एखाद्या विद्यार्थ्याने अर्धवट तपासणी करून उत्तर लिहिलं असतं तर तिने लाल पेनाने पान भरून टाकलं असतं.

तिने हात लांब केला नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "थोडे दिवस दादाकडे जाऊन या. मग बघू."

अप्पांनी कानामागचा हात खाली घेतला आणि काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या मांडीवरच होती.

५

सामान फारसं नव्हतंच. दादाने डिकीत ठेवलं. अप्पांनी गाडीत बसण्याआधी ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू त्या खोलीत झोपू नकोस. दार लावून घेत जा." हे त्यांनी अगदी नेहमीच्या सुरात सांगितलं, गॅस बंद कर म्हणावं तसं. तिनेच त्यांचा पट्टा लावला, तिनेच दार लोटलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. मग आत येऊन खूप रडली. अप्पा गेले म्हणून रडली, आणि आता प्रश्न सुटला याचं जे हलकं वाटत होतं, त्याच्यासाठी जास्त रडली.

तोंड धुऊन ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर ऊन होतं. दादाने नुसता पंप थांबवला होता, टायमर बंद करायचा राहिलाच होता. दुपारची वेळ झाली, खट् झालं आणि पंप सुरू झाला. तिचं लक्ष नव्हतं. तिने आधण ठेवलं, डबा उघडला, आणि हाताबरोबर तोंडही आपलं काम करून गेलं.

"अप्पा, चहा टाकू?"

मागच्या खोलीतून खाकरणं आलं.

"टाक."

ठमी डबा धरून उभी राहिली. हा आपल्याच मनाचा खेळ, असं ती म्हणाली, अगदी मोठ्याने. पाण्याला उकळी फुटली. तिने गॅस बंद केला. मग फोन उचलला आणि दादाचा नंबर लावला. बोटं दोनदा चुकली.

"बोल," दादा म्हणाला. मागे गाडीचा आवाज येत होता. "स्पीकरवर आहेस. मी चालवतोय."

"अप्पा कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? माझ्या शेजारी. काय झालं?"

"अप्पा, ऐकताय? अप्पा, तुमचं खरं होतं."

तिकडे काहीतरी खडबडलं. अप्पांनी फोन हातात घेतला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला. "काय म्हणालीस?"

"ते बोललं. आत्ता. तुम्ही इथे नाही, आणि बोललं." ती कुजबुजत होती. आपण का कुजबुजतोय हे तिला कळत नव्हतं. "तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही पायरीवरच होता."

अप्पांनी श्वास घेतलेला तिला ऐकू आला, फार दिवस पाण्याखाली राहून वर आलेल्या माणसासारखा. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"हो, अप्पा."

"हे दादाला सांग. मी सांगून उपयोग नाही, तू सांग. ऐकतोय तो. सांग, की तिथे कोणीतरी आहे आणि मी खोटं बोललो नाही. मग गाडी वळवतो म्हणतोय. वळवशील ना रे?"

"बोलू दे तिला," दादाचा आवाज आला. "ठमे, काय ते एकदा नीट सांग. मी गाडी बाजूला घेतलीय."

ती सांगणारच होती. तोंड उघडलं होतं. पण एव्हाना ती फोन कानाशी धरून बोळात आली होती. आपण कधी चालायला लागलो, तिला माहीत नव्हतं. मागच्या खोलीचं दार तिने सकाळी लावून घेतलं होतं आणि ते आता थोडं उघडं होतं. फटीतून खाटेचा काठ दिसत होता. काठावर एक हात टेकलेला होता, उठायला आधार घेतात तसा. म्हाताऱ्या माणसाचा हात, मनगटावर अप्पांना आहे तसाच भाजल्याचा डाग. बोटांची टोकं पांढरी पडलेली होती आणि सुरकुतलेली, फार वेळ, फार फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. अप्पा तर त्या तलावात एकदाही उतरले नव्हते.

पंप घरघरत होता. खाटेचा पाय फरशीवर टकटकत होता.

"ठमे?" फोनमधून अप्पा म्हणाले. "सांग ना गं."

दाराच्या फटीत तो हात किंचित हलला. घसा खाकरला गेला. आणि अप्पांच्याच आवाजात, जन्मभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येत राहिलेल्या त्याच ओळखीच्या आवाजात, आतून विचारलं गेलं:

"ठमे, कोण आहे गं फोनवर?"

ती लहान होती तेव्हापासून त्या आवाजाने विचारलं आणि तिने उत्तर दिलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. तिने फोन छातीशी घेतला, पण बंद केला नाही, ते तिला सुचलं नाही.

"कोणी नाही, अप्पा," ती म्हणाली.

फोनवर अप्पांनी ते ऐकलं.